नातेसंबंध, कपाट क्रमांक सात

“सात नंबरचं कपाट आदी काढा. नात्यागोत्याचं हाय ते, त्यातलं कुणी काय न्हेतच न्हाई,” आप्पा दाराशी टेम्पोवाल्याला सांगत होते.

ते मला उद्देशून नव्हतं. मी आत काउंटरमागे संगणकापुढे बसले होते आणि प्रिंटरमधून यादीची दुसरी प्रत बाहेर यायची वाट बघत होते. तरी माझा पाय खुर्चीखाली हलायला लागला. सात नंबरचं कपाट म्हणजे खिडकीलगतचं, हिरवं. त्याचं उजवं दार उघडताना जरासं वर उचलून धरावं लागतं, नाहीतर ते किंचाळतं आणि सगळा हॉल वळून बघतो. हे मला कुणी सांगायला नको होतं.

यादी माझीच होती. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी डेटाबेस सांभाळते. म्हणजे कारखान्याची माहिती नीट रचलेली राहील, हरवणार नाही आणि विचारलं की उत्तर देईल, एवढं बघते. सांगलीच्या या वाचनालयातल्या ग्रंथपाल कोरेबाईंनी दिवाळीनंतर मला फोन केला. आमच्या नोंदवह्या संगणकावर चढवून दे म्हणाल्या, तू आमच्याच हॉलमध्ये वाढलीस. तेव्हापासून दर शनिवारी मी साताऱ्याहून एसटीने येते. वह्या चढवून झाल्या तसं सचिव शिंदेसरांनी विचारलं, स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका करायची आहे, जागा नाही. गेल्या दहा वर्षांत एकदाही कुणी घरी न नेलेली पुस्तकं कोणती, ते तुझं यंत्र सांगेल का? यंत्राने लगेच सांगितलं. चौदा पानं भरली. समितीच्या बैठकीत सरांनी ती पानं हात उंच करून सगळ्यांना दाखवली म्हणे. आज ती पुस्तकं लगद्याच्या कारखान्यात जाणार होती.

ती पानं मी तोवर वाचलेली नव्हती. उत्तर बरोबर आलं का, हे मी आकडा जुळवून बघते, वाचून नाही. या कामाची सवयच तशी. आज प्रिंटर अडखळत होता म्हणून एकेक पान हाताने ओढून काढत होते, आणि नवव्या पानावर माझी दोन पुस्तकं होती.

माझी म्हणजे वाचनालयाचीच. पण माझी.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी या हॉलमध्ये यायला लागले. अब्बांचं माधवनगरला यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान होतं. घरभर ग्रीसचा वास असायचा, पडद्यांना, उशांना, कधीकधी भातालासुद्धा, असं मला वाटायचं. घरात दखनी, रस्त्यावर मराठी, शाळेत आणि कॉलेजात इंग्रजी. तिन्ही भाषांत मला गप्प बसता येत होतं. कॉलेजात डेटाबेस हा विषय होता, पण तो सर वहीतून सांगायचे आणि आम्ही वहीत लिहायचो. एका वहीतून दुसऱ्या वहीत जाताना तो कुणाच्याच डोक्यातून गेला नाही. मला घरी थांबवत नव्हतं. कॉलेज सुटल्यावर दोन तास कुठे काढायचे, म्हणून मी इथे शिरले.

हॉलमध्ये लांब टेबलं होती, ती सगळी पुरुषांची. तसं लिहिलेलं नव्हतं, पण होती. महिलांसाठी एक बाक होता, खिडकीखाली, सात नंबरच्या कपाटाला लागून. बायकांना लागणारं सगळं त्याच कपाटात आहे, असं कुणीतरी कधीतरी ठरवलं असावं. पाककृती, विणकाम, बाळाचं संगोपन, सासर-माहेर, मुलींची नावं. कपाटावर कोरेबाईंच्या गोल अक्षरात विषय लिहिलेले असत. खालून दुसऱ्या कप्प्यावर लिहिलं होतं, ‘नातेसंबंध’. मला मराठी वाचायला तेव्हा वेळ लागायचा. ते अक्षर अक्षर लावत मी आत बघितलं, तर नवऱ्याचं मन कसं जिंकावं आणि जावाजावांनी कसं राहावं, यांच्या मधोमध एक जाडजूड निळं इंग्रजी पुस्तक उभं होतं. त्याच्या नावात ‘रिलेशनल’ हा शब्द होता. कोरेबाईंनी नोंदवहीत विषयाचा रकाना भरताना त्या शब्दाचं चोख मराठी केलं होतं, आणि रिलेशनल डेटाबेस सासू-सुनांच्या शेजारी येऊन बसला होता.

मी इतकी हसले की ओढणी तोंडात धरावी लागली. पण आवाज केला नाही.

सांगायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. काउंटरवर जाऊन म्हणायचं, बाई, हे पुस्तक चुकून इथे आलंय. मग ते तांत्रिक विभागात गेलं असतं. तांत्रिक विभाग लांब टेबलांच्या पलीकडे, भिंतीला. तिथे जायचं तर पेपर वाचणाऱ्या पंधरा-वीस पुरुषांच्या खुर्च्यांमागून, पोट आत ओढून, माफ करा माफ करा करत जावं लागे. चूक होती म्हणून ते पुस्तक माझ्या हाताशी होतं. मी ती चूक जपली. घरी नेलं असतं तरी चूक उघडी पडली असती, कारण कोरेबाई पुस्तक देताना विषय आणि नाव मोठ्याने वाचायच्या आणि मगच नोंद करायच्या. म्हणून मी ते कधीच नेलं नाही. दाराशी वाचनकक्षाची वही होती, तिच्यात नाव, वेळ आणि सही. कोणतं पुस्तक वाचलं, असा रकाना त्या वहीत नव्हताच.

माघातल्या दुपारी मार्केट यार्डाकडून हळदीचा वास यायचा. सौद्यांचे दिवस. वारा फिरला की तो खिडकीतून आत येऊन पानांवर बसायचा, कडवट, कोरडा, नाकात रेंगाळणारा. आजही कारखान्यातल्या थंडगार सर्व्हर-खोलीत एखादा अवघड प्रश्न सुटता सुटता मला हळदीचा वास येतो आणि मी मान वळवून खिडकी शोधते. त्या खोलीला खिडकी नाही.

निळ्या पुस्तकात सगळी उदाहरणं परक्या कंपनीची होती. खाती, कर्मचारी, साहेब. मला त्यातलं कुणी दिसायचं नाही. एका दुपारी कंटाळून मी वहीत आमच्याच घरातली माणसं मांडायला घेतली. एक टेबल माणसांचं केलं आणि प्रत्येकापुढे नातं लिहायला रकाना ठेवला. तिसऱ्याच ओळीला अडले. माझी खाला अम्मीची सख्खी बहीण, आणि अब्बांच्या धाकट्या भावाला दिलेली. म्हणजे खाला की चाची? दोन्ही लिहिलं तर रकाना फुटतो. तिला दोनदा लिहिलं तर एकीचे दोन जीव होतात, आणि एकीचा पत्ता बदलला तर दुसरी जुन्याच घरात राहते. चार दिवस मी त्या रकान्याशी झटापट करत होते. बसमध्ये, जेवताना, नळावर पाणी भरताना. खाला समोर येऊन बसली की मी तिच्याकडे नुसती बघत राहायचे. ती अम्मीला म्हणायची, “इसको क्या हुआ गे? मेरेकू ऐसा घूरती.”

पाचव्या दिवशी पुस्तकाचं ते पान उलगडलं. नातं हे माणसाचं नसतंच. ते दोन माणसांच्या मधलं असतं. त्याला वेगळं टेबल लागतं, ज्यात फक्त कोण, कोणाचं आणि काय. माणूस एकदाच लिहायचा. नाती हवी तेवढी. मी बाकावरून उठून उभी राहिले. का उठले ते मला कळलं नाही. मग परत बसले.

हे कुणाला तरी सांगावं असं आतून ढुसण्या मारत होतं, आणि सांगायला कुणी नव्हतं. आप्पा तेवढे यायचे, कपाटं पुसायला. माधवनगरच्या मिलमध्ये त्यांची अर्धी हयात गेलेली. मिल बंद पडल्यावर इथे शिपाई म्हणून लागले. पुस्तकं ते दोन्ही हातांनी, कापडाचं ठाण उचलावं तशी उचलत. माझ्या वहीतल्या उभ्या-आडव्या रेघा बघून एकदा थांबले. “ह्ये तर कापड हाय की,” म्हणाले. मग फडकं खांद्यावर टाकून त्यांनी मला बोटाने दाखवलं, की उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा. बाणा रोज भरत जातो, रंग बदला, सूत बदला, चालतं. “पर ताणा एकदा चढला की चढला, पोरी. त्यो भरताना ज्यानं चूक केली, त्येचं समदं ठाण वाया. मग इनकराला शिव्या देऊन काय उपेग न्हाई.”

रकाने आधी ठरतात आणि ओळी रोज येतात, हे मी पुढे कितीतरी पुस्तकांत वाचलं. इतकं नीट कुणी लिहिलेलं नाही.

दरम्यान मी सात नंबरच्या कपाटाशी बसते आणि संसाराची पुस्तकं वाचते, ही बातमी घरी पोचली होती. कुणी पोचवली ते कळलं नाही. अम्मी एकदम माझ्याशी मऊ बोलायला लागली. भाजीत काय घातलं ते मला बोलावून दाखवायला लागली. मग एका रविवारी मलकापूरहून पाहुणे आले. शिरखुर्मा ईदला नव्हे तर रविवारी झाला, तेव्हाच मला समजायला हवं होतं. मुलाची आई चांगली होती. तिने माझा हात हातात घेऊन विचारलं, वाचनाची आवड आहे म्हणे, काय वाचतेस? अम्मी माझ्याकडे बघत होती, खाला बघत होती, भिंतीवरचं घड्याळ टकटकत होतं. माझ्या ओठांवर ते निळं पुस्तक आलं होतं. ताणा आला होता, खालाच्या दोन नात्यांचं कोडं आलं होतं. मी म्हणाले, “गोष्टी.” त्या म्हणाल्या, छान. ते पुढे काही झालं नाही, पण ‘गोष्टी’ हा शब्द मला अजून टोचतो, चपलेत खडा जावा तसा.

दुसरं पुस्तक लाल होतं. रचलेला डेटाबेस रोज कसा जपावा, कुणाला आत घ्यावं, कुणाला दाराबाहेर ठेवावं, मोडला तर परत कसा उभा करावा, ते त्यात होतं. त्याच्या नावात ‘अॅडमिनिस्ट्रेशन’ होतं, म्हणून कोरेबाईंनी ते प्रशासनात टाकलं होतं, स्पर्धा परीक्षेच्या मुलांच्या कपाटात. ती मुलं ते उघडायची, दोन पानं बघायची आणि दचकून परत ठेवायची. मला ते लांबून दिसायचं. पूर्ण एक महिना नुसतं दिसत होतं. मग लक्षात आलं की दोनच्या सुमाराला मुलं डबे खायला मागच्या व्हरांड्यात जातात. एका दुपारी मी उठले, टेबलांमागून गेले, लाल पुस्तक ओढणीत घेतलं आणि बाकावर परत आले. संध्याकाळी ते मी परत तिकडे ठेवलं नाही. सात नंबरच्या कपाटात, निळ्याच्या मागे, बाळाच्या संगोपनाआड सरकवलं. एक चूक कोरेबाईंची, एक माझी.

ती दोन्ही पुस्तकं मी दोन वर्षं वाचली. पावसाळ्यात पानं फुगून जड व्हायची आणि कडेला लाटा यायच्या. उन्हाळ्यात पंखा प्रत्येक फेरीला एकदा कण्हायचा. मी ओळी त्या कण्हण्यावर वाचायचे. बाकावर बाकी कुणी फार टिकत नसे. सिव्हिल हॉस्पिटलमधल्या एक नर्स यायच्या, पांढऱ्या साडीवर स्वेटर घालून, आणि मधमाशा पाळण्याचं एकच पुस्तक वाचायच्या. पलीकडच्या टेबलाशी मिलमधले एक जुने जॉबर बसत, म्हणजे मागांची जुळणी बघणारे. मागाच्या जुळणीवरचं पुस्तक उघडून ते एकाच आकृतीवर बोट ठेवायचे आणि डोळे मिटायचे. आम्ही एकमेकांशी कधी बोललो नाही. पण नर्सबाई आल्या नाहीत की मला वाचायला सुचायचं नाही.

मग सातारा. मुलाखतीला कारखान्यातल्या वरिष्ठांनी विचारलं, हे सगळं कुठे शिकलीस? ते लष्कराच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेले. सगळे त्यांना सुभेदारसाहेब म्हणत. मी म्हणाले, पुस्तकातून. कोणत्या, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्यादेखत डेटाबेसमधलं एक टेबल पुसून टाकलं आणि म्हणाले, आण परत. लाल पुस्तकाचं अकरावं प्रकरण मला पाठ होतं. आणलं. “बॅकअप घेतलाय, असं कुणालाही सांगायचं नाही,” ते म्हणाले. “परत उभं करून दाखवलंय का, ते सांगायचं.” तेव्हापासून मी कुणाला काही सांगायचं म्हटलं की आधी करून दाखवते, आणि मग बहुतेक वेळा सांगायचं राहूनच जातं.

बाहेर टेम्पोचं फळकूट आपटलं.

मी यादी हातात घेऊन व्हरांड्यात आले. पुस्तकं सुतळीने बांधून भिंतीला लावली होती. आप्पांनी मला खुणेने बाजूला बोलावलं. माझ्या पिशवीशेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. कागदाच्या फटीतून निळं दिसत होतं, त्याच्याखाली लाल.

“तुझी दोनी काडून ठेवलीत,” ते हळू आवाजात म्हणाले. “जा घिऊन गप. सरांना काय कळत न्हाई.”

त्यांना सगळं माहीत होतं. लाल पुस्तक कुठून कुठे गेलं, तेही. मी खाली वाकून ती पिशवीत ठेवली. आता पाचची एसटी पकडायची, मांडीवर पिशवी ठेवायची आणि कराड येईपर्यंत ती उघडायची नाही, असंसुद्धा मी ठरवून टाकलं.

पण पाय निघेना. सुतळीच्या गठ्ठ्यात वरून तिसरं मधमाशांचं पुस्तक होतं. त्याचा पुठ्ठा मी ओळखला, कोपरा नर्सबाईंच्या अंगठ्याने गुळगुळीत झालेला. त्याच्या पलीकडच्या गठ्ठ्यात मागाच्या जुळणीचं होतं. मी यादी परत चाळली. ती दोन्ही पाचव्या पानावर होती, नीट, क्रमवार. निळ्या पुस्तकात एक पान होतं, त्यावर मी तेव्हा दोन दिवस घालवले होते. रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे. रिकामा म्हणजे माहीत नाही. ‘माहीत नाही’ला ‘नाही’ समजून ज्याने प्रश्न विचारला, त्याला यंत्र चुकीचं उत्तर अगदी बिनचूक देतं. मी विचारलं होतं, कुणी नेलं नाही? सर समजले होते, कुणी वाचलं नाही. समितीही तेच समजली. आणि हा फरक या गावात सगळ्यांत आधी मला कळायला हवा होता, कारण मी स्वतः दोन वर्षं न नेणारी होते. चौदा पानांत अशी किती बोटं फिरलेली असतील, ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. तो रकानाच नव्हता.

गाडी निघून गेली की ती पुस्तकं परत उभी करून दाखवता येणार नव्हती.

शिंदेसर पायऱ्यांवर उभे होते. मला बघून ते टेम्पोवाल्याकडे वळून कौतुकाने म्हणाले, की ही आमची मुलगी, सगळी वह्यांची भानगड हिने एकटीने निस्तरली, एक चूक नाही. कोरेबाई काउंटरवरून हसल्या. टेम्पोवाल्याने पहिला गठ्ठा खांद्यावर घेतला. गप्प बसणं किती सोपं होतं. ते मला नेहमीच छान जमलंय.

मी यादी सरांपुढे धरली. आप्पांनी मान वळवली. मग माझा आवाज फुटला तो इतका मोठा की आतल्या टेबलांवरचे पेपर एकदम खाली आले.

“सर, गाडी थांबवा. यादी चुकली आहे, आणि ती माझी चूक आहे. ही पुस्तकं कुणी घरी नेली नाहीत, एवढंच त्या यादीला माहीत आहे. इथे बसून लोकांनी वाचली आहेत ती. डेटाबेसचं एक पुस्तक तुमच्या नातेसंबंधांच्या कपाटात होतं, आणि मी त्या बाकावर बसून ते वाचलंय.”